राडारोड्याचा सातबारा

खाणीतून मुरूम भरून निघालेला टिपर रस्त्यात अडवला, की तलाठी किंवा मंडळ अधिकारी आधी वाहतूक पास मागतो. पास नसेल तर गाडी तहसील कचेरीच्या आवारात जाऊन उभी राहते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार विनापरवाना उचललेल्या गौण खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो. गाडी सोडवून घेण्याचा खर्च वेगळा. आता तोच टिपर, तोच ड्रायव्हर उलट दिशेने येऊ द्या. हौद्यात तुटक्या विटा, फुटलेली संडासाची भांडी, पीओपीचे तुकडे, सिमेंटच्या पत्र्यांचे काप, वायरींची भेंडोळी. रात्री अकराच्या पुढे तो कुणाच्या तरी पडीक वावरात शिरतो, हौदा उचलतो आणि दोन मिनिटांत मोकळा होऊन निघून जातो. त्याला पास विचारणारे कुणी नाही, कारण मागावा असा पासच त्याच्याकडे सहसा नसतो.

जमिनीतून काय बाहेर गेले याचा हिशेब सरकार चोख ठेवते. त्यावर स्वामित्वधन मिळते. जमिनीवर काय येऊन पडले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. हिशेबाचा हा कडकपणा कुठवर जातो, याचे पुण्यातले उदाहरण आहे. पाया खणताना निघालेली माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला वापरली, तर तिच्यावर रॉयल्टी द्यायची का? बिल्डरांच्या संघटनेने हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. म्हणजे आपल्याच आवारात फिरवलेल्या स्वच्छ मातीसाठी शासनाने नोटिसा काढल्या होत्या. त्याच आवारातून परक्याच्या शेतात गेलेल्या राडारोड्यासाठी शासन असे हात धुऊन मागे लागल्याचे दिसत नाही.

दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर बेकायदा टाकलेल्या कचऱ्याची चर्चा आपल्याकडे नेहमी शेवटच्या टोकाला सुरू होते. ढीग पडला, आता उचलायचा कुणी? महापालिका म्हणते, जागा खासगी आहे, मालकाने उचलावा. मालक म्हणतो, मी टाकलेला नाही. पोलीस म्हणतात, हे महापालिकेचे काम. या भांडणात ढिगाचा खरा मालक कुणाला आठवत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की कचरा फाटकाबाहेर पडला म्हणजे त्याची मालकी संपली, हा अलिखित नियम आधी मोडला पाहिजे. ज्याने तो निर्माण केला, तो कायदेशीर जागी पोहोचून त्याची पावती मिळेपर्यंत त्याचाच. जमिनीला सातबारा असतो, तसा राडारोड्यालाही हवा.

हा माल येतो कुठून, ते पाहू. घरातला रोजचा कचरा घंटागाडी नेते, निदान शहरात तरी. खासगी जमिनीवर पडणाऱ्या मालात मोठा वाटा बांधकामाचा असतो, साइटवर ज्याला रॅबिट किंवा डेब्रिज म्हणतात तो. टायफॅक या केंद्राच्या संस्थेने बऱ्याच वर्षांपूर्वी दिलेले अंदाज अजून वापरले जातात: बांधकाम पाडले की दर चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो मलबा निघतो. चाळीस वर्षांपूर्वीची तीन-चार मजली सोसायटी घ्या, एकूण बांधकाम हजार चौरस मीटरचे. ती पाडली की ३०० ते ५०० टन माल तयार. पंधरा-वीस टनांच्या टिपरला वीस-तीस खेपा. पुण्यात कोथरूड-एरंडवण्यात आणि मुंबईत विलेपार्ले-मुलुंडमध्ये पुनर्विकासाचे फलक मोजायला लागा आणि प्रत्येक फलकाला वीस खेपांनी गुणा.

या खेपांची साखळी समजून घेण्यासारखी आहे. सोसायटी विकासकाशी करार करते. विकासक तोडकाम ठेकेदाराला इमारत देतो, आणि अनेकदा या व्यवहारात पैसे ठेकेदाराकडून विकासकाकडे येतात, कारण सळई, दारे-खिडक्या, तांबे, साबूत विटा यांना भाव असतो. ज्याला भाव नाही ते उरते. ते टिपरमालकाकडे जाते, खेपेच्या दराने. प्रत्येक पायरीवर मोलाचे ते काढून घेतले जाते आणि निरुपयोगी ते खाली ढकलले जाते. शेवटी उरलेल्या ड्रायव्हरचे गणित सोपे असते: अधिकृत प्रकल्प गावाच्या दुसऱ्या टोकाला, डिझेल आपले, रात्रभरात खेपा जितक्या जास्त तितकी कमाई जास्त. मुंबई महापालिकेने दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डायघरला राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प उभारले, प्रत्येकाची क्षमता रोज ६०० टन. चांगली गोष्ट आहे. पण चेंबूरच्या साइटवरून दहिसर गाठायचे आणि रिकामे परतायचे, की जवळच्या खाडीकाठी हौदा उचलायचा, हा निर्णय ड्रायव्हर घेणार असेल तर प्रकल्पाची क्षमता कागदावर राहील. त्याच्या हातात पडलेल्या खेपेच्या दरात प्रक्रियेचे शुल्क मुळात धरलेलेच नसते. त्याला गुन्हेगार ठरवून आपण साखळीतल्या सगळ्यात गरीब माणसाला पकडतो आणि काम फत्ते झाले असे समजतो.

माल कुठे जातो, याचेही तर्कशास्त्र आहे. जिथे मालकी भांडणात, तिथे ढीग. सातबाऱ्यावर अठरा नावे, वारसनोंद रखडलेली, दोन भाऊ दिवाणी न्यायालयात, तिसरा बंगळुरूला, चुलत बहीण न्यू जर्सीत; अशा जमिनीला कुंपण घालायला कुणी पैसा काढत नाही. वर्गणी कुणी काढायची यावरच आणखी एक दावा उभा राहील. टिपरवाल्यांना हे तलाठ्याइतकेच पक्के ठाऊक असते. शहर वाढते तशी हद्दीबाहेरची शेती पडीक राहू लागते, कारण मालक शेतकरी उरलेला नसतो आणि बिल्डर अजून आलेला नसतो. मधली ही दहा-वीस वर्षे त्या जमिनीला वालीच नसतो.

पण बिचारा जमीनमालक हे चित्र अर्धेच खरे आहे. पनवेल, कल्याण, भिवंडी, वसईच्या पट्ट्यात आणि पुण्यात नदीकाठी कितीतरी जमिनींवरचा राडारोडा मालकाने बोलावून घेतलेला असतो. भातखाचर सखल आहे, रस्ता उंचावला, आता प्लॉट पाडायचे तर भराव हवा. मुरूम विकत घ्यायचा तर रॉयल्टी, डिझेल, सगळे आले. राडारोडा फुकट येतो, कधी खेपेमागे वर चार पैसे देऊनही जातो. पूररेषेच्या आत जमीन असेल तर आधी भराव टाकून ती उंच करायची आणि मग रेषेवरच वाद घालायचा, हीही एक रीत आहे. शेजारच्या शेतात पावसाचे पाणी तुंबायला लागले की ओरड होते. मग हाच मालक पंचनाम्यात सांगतो, रात्री कुणीतरी टाकून गेले साहेब, आम्हाला काय माहीत.

त्यामुळे जमीनमालक निर्दोष की दोषी, याचे एकच उत्तर ठरवणारा कोणताही नियम फसणार. पालिकांचे कायदे जागा स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतात. डबके साचले, गवत माजले, डास झाले तर हे ठीक आहे. वीस टिपर माल एका रात्रीत पडला आणि सकाळी मालकाच्या हातात नोटीस पडली, तर हा न्याय नव्हे. ज्याचा पत्ता सापडतो त्याच्याकडून वसूल करा, इतकाच त्याचा अर्थ. जमीन पळून जात नाही आणि टिपर पळून जातो, एवढ्या एका कारणावर जबाबदारी ठरते.

या प्रश्नाशी आपल्यापेक्षा जास्त काळ झुंजणारा देश इंग्लंड आहे, आणि तिथली कथा फार उत्साहवर्धक नाही. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ३३ नुसार परवान्याशिवाय कचरा टाकणे गुन्हा. कलम ३४ नुसार आपला कचरा कुणाच्या हाती देतो हे तपासणे ज्याचा त्याच्यावर बंधनकारक. घर रंगवून घेणाऱ्या साध्या माणसालाही नेणाऱ्याची नोंदणी पाहावी लागते. कलम ५९ नुसार स्थानिक प्रशासन जमिनीच्या भोगवटादाराला माल हटवायला सांगू शकते, पण आपण तो टाकला नाही आणि जाणूनबुजून टाकूही दिला नाही असे त्याने दाखवले तर नोटीस रद्द होते. कागदावर हे आपल्यापेक्षा कितीतरी नेमके आहे. तरी २०२३-२४ या वर्षात तिथल्या स्थानिक संस्थांनी अशी सुमारे साडेअकरा लाख प्रकरणे हाताळली आणि खासगी जमिनीवरची बहुतेक प्रकरणे या आकड्यात धरलेलीच नाहीत. शेतकऱ्याने आपल्या खर्चाने उचलले की ते सरकारी आकड्यांत येत नाही.

केंट परगण्यातल्या होड्स वुडचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. जुने, संरक्षित दर्जाचे जंगल, पण मालकी अनेक खासगी व्यक्तींच्या तुकड्यांत वाटलेली. आपल्या अठरा नावांच्या सातबाऱ्याचाच इंग्रजी अवतार. २०२३ मध्ये तिथे ट्रकमागून ट्रक येत राहिले आणि ३०,००० टनांहून जास्त कचरा पडला. स्थानिक लोक तक्रारी करत होते. अखेर मंत्र्यांच्या आदेशाने सरकारी यंत्रणेला तो उचलण्याचे काम घ्यावे लागले, खर्च सुमारे दीड कोटी पौंड. हे पैसे करदात्यांचे. १९९६ पासून इंग्लंडमध्ये कचरा भरावभूमीत टाकण्यावर कर आहे आणि तो वाढत जाऊन आता टनामागे शंभर पौंडांच्या पुढे गेला आहे. हेतू उत्तम: लोकांनी पुनर्वापर करावा. परिणाम असाही झाला की प्रत्येक बेकायदा टनामागे शंभर पौंड वाचू लागले आणि संघटित टोळ्यांना धंदा सापडला. कर वाढवला, पण ट्रकवर नजर वाढवली नाही. कचरावाहकाची नोंदणी तर इतकी ढिली होती की एका गृहस्थाने आपल्या मेलेल्या गोल्डफिशच्या नावावर ती मिळवून दाखवली.

आपल्याला यातून नियम उचलायचे असतील तर त्या माशाची आठवण ठेवून उचलावेत. नोंदणी म्हणजे देखरेख नव्हे.

आपल्याकडे तत्त्वांची कमतरता नाही. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले. उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-अॅसिड बनवणाऱ्या कारखान्यांचा गाळ उघड्यावर पडला, पावसात झिरपला आणि विहिरींचे पाणी काळे-तपकिरी झाले. न्यायालयाने कारखानदारांना पूर्ण जबाबदार धरले. पुढे सफाईचा खर्च ३७ कोटींहून अधिक ठरला. आणि मग? अर्जांमागून अर्ज. २०११ मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह पैसे भरा, असे पुन्हा सांगावे लागले. मूळ याचिका १९८९ ची. निकालपत्र वाचताना कुणालाही अभिमान वाटेल, पण ज्याच्या विहिरीत ते पाणी होते त्याला बावीस वर्षांच्या त्या अभिमानाचा काय उपयोग? तत्त्व बरोबर असून भागत नाही. दोषी शोधणे आणि ढीग हटवणे ही दोन कामे एकमेकांना बांधली, की दोन्ही रखडतात.

म्हणून माझा आग्रह आहे की आधी उचला, मग वसूल करा. याचे एक रूप आपल्या कायद्यात आधीच आहे. धडक देऊन पळालेल्या वाहनाने माणूस मेला, तर वाहन सापडेपर्यंत कुटुंबाने थांबावे असे आपण म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याखालच्या योजनेत २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. रात्री हौदा उचलून पळणाराही त्याच जातीचा. मग त्यासाठीही निधी हवा आणि तो करदात्यांकडून नव्हे, पाडकामाच्या परवानगीच्या वेळीच टनावारी अनामत घेऊन उभा राहावा. हे अवघड नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकासाच्या व्याख्येत बांधकाम पाडणेही येते, म्हणजे पाडण्यापूर्वी कुणीतरी अधिकारी कागद पाहतोच. क्षेत्रफळ त्या कागदावर असते, टायफॅकचे प्रमाण हाताशी असते. टन निघाले. अधिकृत प्रकल्पाच्या काट्यावरच्या पावत्या तेवढ्याच टनांच्या आल्या की अनामत परत. कमी आल्या तर फरकाची रक्कम निधीत. कोण खोटे बोलतो हे शोधायला रात्री गस्त घालायची गरजच नाही; काटा आणि नकाशा यांची बेरीज-वजाबाकी पुरते.

असा प्रयोग मुंबईने अर्धवट केलाही आहे. देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमींची दुरवस्था पाहून मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या बांधकाम परवानग्यांवर बंदी घातली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अटींवर उठवली. राडारोडा कुठे जाणार ते आधी सांगा, त्या जागेच्या मालकाची संमती आणा, बँक हमी द्या, अशी व्यवस्था आली. बिल्डरांनी आकांततांडव केले, पण बांधकाम थांबले नाही. मला यातली बँक हमी पटते, संमतीपत्रावर मात्र माझा विश्वास नाही. सखल जमीन भरून घेण्यात ज्याचा फायदा आहे, त्याचीच संमती पुरेशी मानली तर खाजण आणि ओढे संमतीनेच बुजतील.

इथे गोव्याचा कायदा उपयोगी पडतो. गोवा नगर व ग्रामनियोजन कायद्यात १९९७ मध्ये घातलेले कलम १७अ म्हणते की डोंगरकापणी असो वा सखल जमिनीत भराव टाकणे असो, परवानगीशिवाय करता येणार नाही. जमीन कुणाच्या मालकीची हा प्रश्नच गौण. गोव्यात हे कलम किती पाळले जाते हे म्हापसा ते मडगाव प्रवास करणाऱ्याला सांगायला नको, पण कलमाची दिशा बरोबर आहे. भराव टाकणे ही स्वतंत्र कृती, तिला स्वतंत्र परवानगी. मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीबाबत २००५ मध्ये आणि मग सप्टेंबर २०१८ मध्ये हेच केले: जमीन सरकारी असो वा खासगी, कांदळवनावर राडारोडा टाकायचा नाही. महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यातही जमिनीचे भरावाने उद्धरण विकासातच मोडते. शब्द आहे, वापर नाही.

मग मालकाचे काय करायचे? त्याच्यासाठी एकच कसोटी मला न्याय्य वाटते: त्याने किती लवकर सांगितले. ढीग दिसल्यापासून पंधरा दिवसांत फोटो, गट नंबर आणि तारखेसह तक्रार नोंदवली, तर तो पीडित. ढीग निधीतून उचलला जाईल आणि त्याला नोटीस जाणार नाही. महिनोन्महिने खेपा पडत राहिल्या आणि तो गप्प राहिला, तर ती संमती मानावी आणि उचलण्याचा खर्च जमिनीवर बोजा म्हणून सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवावा. विकास सोसायटीच्या थकबाकीसाठी बोजा चढतो, मग यासाठी का नको? परदेशात राहणाऱ्याला पंधरा दिवस अपुरे पडतील, हा आक्षेप रास्त आहे. पण जमीन घेऊन ठेवायची, तिची किंमत वाढण्याची वाट पाहायची आणि वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहायचेही नाही, या सवयीचा थोडा खर्च मालकानेही सोसावा असे मला वाटते. त्याच्या जमिनीमुळे शेजाऱ्याच्या विहिरीत काय उतरते, याचा भार सध्या शेजारीच सोसतो. ओल्या, बंद ढिगात पीओपी कुजले की कुजक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू निघतो. अॅस्बेस्टॉसचे तुकडे फुटले की तंतू हवेत जातात. नुसत्या विटांचा ढीग असतो तेव्हाही त्याखालची माती पुन्हा वाफ्यात येत नाही.

यावर हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे भ्रष्टाचार. काट्यावर खोट्या पावत्या बनतील. बनतील. वाळूच्या पासातही बनतात. पण वाळूचा पास आहे म्हणून निदान खोटा पास हा गुन्हा तरी ठरतो. राडारोड्याच्या बाबतीत खोटे बोलायचीही गरज पडत नाही. दुसरे उत्तर थोडे वजनदार आहे: अनामतीचा खर्च शेवटी फ्लॅटच्या किमतीत जाईल. जाऊ दे. आज तो खर्च मांजरी, वाघोली किंवा तळोज्यातला शेतकरी भरतो, ज्याला त्या फ्लॅटचे एक चौरस फूटही मिळणार नाही.

आणि अनामतीचा बोजा सगळ्यात आधी जाणवेल तो आपल्यासारख्यांनाच. पुनर्विकासाच्या सभांमध्ये वाढीव कार्पेट, दुप्पट भाडे, कॉर्पस, दोन पार्किंग, लिफ्टची कंपनी, संगमरवर की व्हिट्रिफाइड टाइल्स यांवर रात्री उशिरापर्यंत वाद होतात. आपली जुनी इमारत कुठे जाणार, असा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो. करारात एक कलम घालणे सोसायटीच्या वकिलाला जमत नाही असे नाही: ताबा देण्यापूर्वी विकासकाने अधिकृत प्रकल्पाच्या पावत्या सोसायटीकडे द्याव्यात, न दिल्यास अमुक रक्कम. या एका कलमासाठी ना नवा कायदा लागतो, ना निधी, ना महापालिका. ज्या विकासकाला हे पटत नाही, तो आपला मलबा कुठे टाकणार आहे याचा अंदाज त्यातूनच येतो.

केंद्राचे २०१६ चे बांधकाम राडारोडा नियम दिवसाला २० टन किंवा महिन्याला प्रकल्पामागे ३०० टन मलबा करणाऱ्यांकडून वर्गीकरण, आराखडा आणि शुल्क मागत होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या नियमांत उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आणली आहे, म्हणजे मी ज्याला मालकी म्हणतो त्याच्या बरीच जवळची कल्पना. पण ती २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांना. एवढ्या मोठ्या प्रकल्पांवर आधीच पर्यावरण परवानगीची नजर असते आणि त्यांना स्वतःचे नावही सांभाळायचे असते. हजार चौरस मीटरची सोसायटी पाडून जागी तीन-चार हजारांची नवी उभी राहते, ती या जाळ्यातून सुटते. तिच्या खालच्या बाजूला आहेत बाथरूमच्या टाइल्स बदलणारे, किचन ओटा मोडणारे, दुकानाचे फर्निचर काढणारे. त्यांची दोन-चार पोती छोटा टेम्पो भरून निघतात. टेम्पोवाला विचारतो, कुठे टाकू? आणि घरमालक म्हणतो, तुम्हालाच माहीत असेल ना.